माखली, टाकी आणि टाकीबाहेरचं पाणी

पारनेरच्या बाजारात समुद्र येतो तो वाळून. गोणपाटावर ओतलेली सुकट, बोंबलांच्या जुड्या, खारवलेला बांगडा. काष्ठौषधींच्या दुकानात बरणीत आणखी एक समुद्री वस्तू सापडते: पांढरी, होडीच्या आकाराची, नखाने खरवडली की भुगा देणारी. तो समुद्रफेन. कान वाहू लागला की वैद्य तो सांगतात. पोपट पाळणारे पिंजऱ्याच्या तारेत अडकवतात, म्हणजे चोच घासायची सोय होते आणि पोटात चुनाही जातो. हा समुद्रफेन जिच्या पाठीत वाढतो ती माखली. किनाऱ्यावर तिला माकूल म्हणतात आणि तिच्या चुलत नात्यातल्या स्क्विडलाही सर्रास तेच नाव देतात. मासळी बाजारात भाव बघतात, वंशावळ कोण बघतो?

पुढची पानं ही माखली घरात, काचेच्या टाकीत, अंड्यापासून वाढवण्याबद्दल आहेत. वाचक म्हणून डोळ्यासमोर मुंबई-पुण्यातला फ्लॅट ठेवला असता तर लिहिणं सोपं गेलं असतं. मी मुद्दाम नगर जिल्ह्यातलं, याच पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी ठेवलं. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेतही दीडशे किलोमीटरवर, मध्ये सह्याद्री आडवा, आणि वर्षाचा पाऊस चारशे-पाचशे मिलिमीटर. अशा गावात समुद्री प्राणी पाळायचा विचार वेडेपणाचा वाटेल, आणि तो खरंच किती वेडेपणाचा आहे हेच मला तपासायचं होतं. या छंदावरची पुस्तकं टाकीतल्या पाण्याबद्दल भरभरून बोलतात. ते पाणी आलं कुठून आणि वापरून झाल्यावर गेलं कुठे, हा विषय त्यांत क्वचितच निघतो. घरात तोटी आहे आणि घरामागे गटार आहे, एवढं ती गृहीत धरून चालतात.

राळेगणात असं काहीच गृहीत धरता येत नाही. 1975 साली लष्करातून परतलेल्या अण्णा हजाऱ्यांनी गावाला पहिल्यांदा कामाला लावलं ते पाझर तलावावर. तलाव होता, पण बांध पाणी धरत नव्हता. श्रमदानाने तो दुरुस्त झाला, आणि खालच्या अंगाच्या सात विहिरींना भर उन्हाळ्यात पाणी राहिलं. मग नाला बांध, समतल चर, झाडं, आणि उसासारख्या तहानलेल्या पिकांना नकार. त्याच जिल्ह्यात हिवरेबाजारची ग्रामसभा पावसाचा ताळेबंद मांडून त्या वर्षीची पिकं ठरवते. अशा मुलखात चारशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मांडणाऱ्याला शेजारी विचारणारच: एवढं पाणी कशाला, आणि ओतणार कुठे? शेजाऱ्याचा प्रश्न रास्त आहे, आणि ही पुस्तिका त्याच्यासाठीही आहे.

आधी प्राणी समजून घेऊ, कारण तो समजल्याशिवाय एवढा खटाटोप कोणी का करावा हे कळत नाही.

माखली मासा नव्हे. गोगलगाय, शिंपला यांच्या मोठ्या कुळातली ती. शंख मात्र तिने अंगावर न वागवता पाठीच्या आत घेतला. त्या कवचात एकावर एक पातळ मजले असतात, मजल्यांत थोडा वायू आणि थोडं द्रव. द्रव आत घेतलं की अंग जड होतं, बाहेर टाकलं की हलकं. 1960 च्या सुमारास इंग्लंडमधल्या प्लिमथच्या प्रयोगशाळेत डेंटन आणि गिलपिन-ब्राऊन या दोघांनी ही यंत्रणा उलगडली. तिच्या जोरावर माखली पाण्यात जागच्या जागी, टांगून ठेवल्यासारखी थांबते. ती मेली की मऊ अंग कुजून जातं, कवच तरंगत वाळूला लागतं, आणि तिथून वैद्याच्या बरणीपर्यंतचा प्रवास सुरू होतो.

तिला आठ हात, आणि गालात दडवून ठेवलेल्या दोन लांब सोंडा. कोळंबी टप्प्यात आली की या सोंडा इतक्या झटकन सुटतात की आपल्याला दिसते ती फक्त कोळंबी नाहीशी झालेली. हृदयं तीन, रक्त निळसर, डोळ्याची बाहुली डब्ल्यू अक्षरासारखी वाकडी. कातडीत रंगाच्या हजारो बारीक पिशव्या असतात आणि प्रत्येकीला स्वतःचे स्नायू. स्नायू ताणले की पिशवी पसरते, रंग उमटतो. सैल सोडले की रंग मिटतो. वाळूवर ती वाळूची होते, खडकावर खडकाची. यातला चमत्कार असा की ती स्वतः रंगांधळी आहे. तिच्या डोळ्यात रंग ओळखणारं द्रव्य एकाच प्रकारचं असतं. मग ती रंग जुळवते कसा, याचं पुरतं उत्तर शास्त्रज्ञांना अजून सापडलेलं नाही. प्रकाशाचं ध्रुवीकरण मात्र तिला दिसतं, जे आपल्याला दिसत नाही.

डोकंही चालतं. अमेरिकेतल्या वुड्स होल इथे अलेक्झांड्रा श्नेल आणि सहकाऱ्यांनी माखल्यांपुढे दोन खाऊ ठेवले: एक आत्ता मिळणारा पण बेताचा, दुसरा आवडीचा पण थांबल्यावर मिळणारा. 2021 साली छापून आलेल्या त्या अभ्यासातल्या माखल्या चांगल्या खाऊसाठी पन्नास ते एकशे तीस सेकंद थांबल्या. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत पहिली पंगत सोडून देणारे किती निघतील?

अशा प्राण्याला आपण बघत बसतो तेव्हा तोही आपल्याला बघत असतो. माखली पाळणारे तिच्या नादी लागतात ते यामुळे. बाहेरच्या देशांत हा नाद बऱ्यापैकी रुजला तो सेपिया बँडेन्सिस या बुटक्या जातीमुळे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसमधले रिचर्ड रॉस यांनी ती घरच्या टाक्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाढवून दाखवली आणि त्यावर मोकळेपणाने लिहिलं. आपल्याकडे काम झालं ते बहुतेक सरकारी संस्थांत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केरळातल्या विळिंजम केंद्राने सेपिया फॅरॉनिस ही मोठी माखली बंदिस्त पाण्यात वाढवली. तिच्या वाढीचा, वर्तनाचा आणि मीलनाचा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 चं, रत्नागिरीचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र 1958 चं. घाटावरच्या कित्येक मुलांनी जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा बघितला तो सहलीत, यांपैकी एका काचेपलीकडे. पण मत्स्यालयाच्या दाराशी समुद्र असतो. घाटावर तो गोणीतून आणावा लागतो, मिठाच्या रूपात.

जातीची निवड इथेच करून टाकतो. फॅरॉनिस घरी नको. तिचं धड चाळीस सेंटिमीटरपर्यंत जातं, वजन पाच किलोपर्यंत. ती टाकीत मावत नाही, मावली तरी सुखी राहत नाही. दचकली की ती पाण्याचा फवारा सोडून उलटी झेप घेते, आणि मागे काच असली तर शेपटाकडचं टोक फुटतं. त्या जखमेत जंतू शिरले की आतलं कवच उघडं पडेपर्यंत मांस झडतं. बँडेन्सिस परदेशातून मागवायचा मोहही आवरावा. आपल्या किनाऱ्याची सेपिएला इनर्मिस धडाने बारा सेंटिमीटरच्या आसपास थांबते, उबदार पाण्याला सरावलेली असते, आणि चारशे लिटरच्या टाकीत दोन-तीन सुखाने नांदतात. या पुस्तिकेत माखली म्हटलं की ती.

आणि आणायची ती अंडी, मोठी माखली नव्हे. मोठी माखली प्रवासात घाबरते, पिशवीत शाई सोडते आणि त्याच शाईत गुदमरते. अंडी समुद्रातल्या दोरांना, जाळ्यांना, काटक्यांना द्राक्षांच्या घडासारखी चिकटलेली असतात. कर्नाटकच्या किनाऱ्यावर तर नारळाच्या सुक्या पोयींचे भारे समुद्रात बुडवून ठेवतात. अंडी घालायला जागा शोधणाऱ्या माखल्या तिथे जमतात आणि गळाला लागतात. पकडली जाते ती नेमकी अंड्यांवर आलेली माखली, आणि भाऱ्याला चिकटलेल्या अंड्यांची दखल कोणी घेत नाही. जाळ्याबरोबर वर आलेला असा एखादा घड कोळ्यांकडून मागून घेतला तर समुद्राचं काही उणं होत नाही. यासाठी किनाऱ्यावर ओळख लागते, ती दुकानात मिळत नाही.

अंड्यातला जीव नुसता वाट बघत पडलेला नसतो. फ्रान्समधल्या काँ विद्यापीठात दार्मायाक आणि डिकेल यांनी अंड्यांच्या बाहेर खेकड्याची पिल्लं ठेवली. पारदर्शक होत आलेल्या आवरणातून गर्भांनी ती पाहिली, आणि बाहेर आल्यावर त्या माखल्यांचा ओढा खेकड्यांकडे जास्त दिसला. हे 2008 सालचं काम. पाळणाऱ्याने त्यातून घ्यायचं ते एवढंच, की अंडी अंधाऱ्या कोपऱ्यातल्या बादलीत टाकून देऊ नयेत. पुढे जे खाऊ घालणार ते जवळपास पोहताना त्यांना दिसू द्यावं.

खाऊ घालणार काय, इथे घाटावरच्या माणसाची खरी अडचण सुरू होते. पिल्लू नखाएवढं, पण जन्मतःच शिकारी; मेलेलं अन्न ते ओळखतही नाही. त्याला पहिले काही आठवडे हलणारी, बारीक, समुद्री कोळंबीच्या जातीची शिकार लागते. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जीवाची अंडी दुकानात मिळतात, घरी फुटतात, पण त्यांच्यावर वाढलेलं पिल्लू कुपोषित निघतं. पारनेरच्या बाजारातली सुकट कितीही ताजी वाळवलेली असली तरी उपयोगाची नाही. धरणातले गोड्या पाण्यातले झिंगे खाऱ्या पाण्यात थोडा वेळ जगतात. तेवढ्यात पिल्लाने पकडले तर पोट भरतं, पण त्यांच्यावरच भागवता येत नाही. म्हणून माखलीच्या आधी तिच्या अन्नाची वेगळी टाकी चालवायला शिकावं लागतं. ज्याला एवढा धीर नाही त्याने इथेच थांबावं, असं मी स्पष्ट सांगतो.

तांब्याचंही आत्ताच सांगायला हवं. माखलीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्याचं असतं. निळी छटा त्याचीच. पण पाण्यात विरघळलेलं तांबं तिला विष. आपल्या घरात तांब्याच्या हंड्यातलं पाणी सगळ्यांत शुद्ध समजतात, त्यामुळे एखादी आजी मायेने तांब्याभर पाणी टाकीत ओतेल, ही भीती काल्पनिक नाही. माशांच्या रोगांवर दुकानदार देतात त्या औषधांतही पुष्कळदा तांबं असतं. ग्रामपंचायतीच्या टाकीत पाणी निर्जंतुक करायला पडणारी टीसीएल पावडर, फवारणी करून आलेल्या हाताला राहिलेला औषधाचा अंश, जस्ताच्या पत्र्यावरून ओघळलेलं पाणी: माशाला जे सोसतं त्यातलं बरंच माखलीला सोसत नाही. सजावटीसाठी दुकानात प्रवाळ दिसतील, तेही घेऊ नयेत. ते 2001 पासून वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, वाघासारखे पहिल्या अनुसूचीत.

विजेबद्दल थोडक्यात. माखलीला प्राणवायू भरपूर लागतो आणि पाणी फार तापलेलं चालत नाही. नगरच्या मे महिन्यात याचा अर्थ पाणी थंड करणारं यंत्र. 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना ज्या पहिल्या गावांत सुरू झाली त्यांत राळेगण होतं, पण ती वीज शेतीपंपांसाठी, दिवसा. रात्री दोन वाजता वीज गेली तर हवेचा पंप बॅटरीवरच चालायला हवा. टाकीच्या खर्चात बॅटरी धरली नसेल तर टाकी धरू नये.

आता पाण्याचा हिशेब.

समुद्राच्या दर लिटरमध्ये सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. चारशे लिटरच्या टाकीला चौदा किलो. जेवणातलं मीठ चालत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर क्षार ठराविक प्रमाणात असलेलं मिश्रण विकत मिळतं, ते विरघळवायचं. ज्यात विरघळवायचं ते पाणी मात्र जवळजवळ कोरं हवं. दख्खनच्या काळ्या खडकातून आलेलं बोअरचं पाणी जड, शिवाय शेतातल्या खतांचं नायट्रेट त्यात उतरलेलं. म्हणून सगळे शहरी पाळणारे आरओ वापरतात. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीनेक लिटर बाहेर टाकतो. आठवड्याला पन्नास लिटर पाणी बदललं, उन्हाळ्यात रोज दोन-तीन लिटर उडून जाणारं भरून काढलं (ते साध्या पाण्याने भरायचं, कारण क्षार उडत नाहीत), की वर्षाला साधारण तीन हजार दोनशे लिटर कोरं पाणी लागतं. आरओने ते मिळवायचं तर जमिनीतून बारा हजारांहून जास्त लिटर उपसावं लागेल. एक मोठा टँकर. एका दुभत्या म्हशीचं सहा-सात महिन्यांचं पिणं. दोन-तीन माखल्यांसाठी हे मागणं मला निर्लज्जपणाचं वाटतं.

पण कोरं पाणी या गावात दुसरीकडूनही मिळतं, आणि ते आकाशातून पडतं. दहा चौरस मीटरच्या स्लॅबवर साडेचारशे मिलिमीटर पाऊस म्हणजे साडेचार हजार लिटर. पहिल्या सरींचं धुळीचं पाणी सोडून दिलं, थोडी गळती धरली, तरी तीन हजार सहाशे लिटर हाती राहतं. एका खोलीच्या छपराने वर्षाची टाकी भागते, बोअरला हात न लावता. दोन अटी: छप्पर जस्ताच्या पत्र्याचं नसावं, आणि जून ते ऑक्टोबरात पडलेलं पाणी मेपर्यंत झाकून ठेवायला प्लास्टिकच्या टाक्या हव्यात. नव्या सिमेंटच्या स्लॅबचा पहिला पावसाळाही जाऊ द्यावा. एवढं केलं की शेजाऱ्याच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळतं, आणि ते मुंबईकर पाळणाऱ्याच्या उत्तरापेक्षा सरस असतं.

दुसरा प्रश्न जास्त टोचरा. दर आठवड्याला काढलेल्या पन्नास लिटर पाण्यात पावणेदोन किलो क्षार असतात. वर्षाचे नव्वद किलो. शहरात ते गटारातून खाडीला जातात, म्हणजे निदान समुद्राचं समुद्राला. पाणलोटाच्या गावात परसात ओतलं तर ते मुरतं, आणि मुरलेलं पाणी कोणाच्या तरी विहिरीत निघतं. सारं गाव एकीकडे पाणी जिरवतंय आणि आपण त्यात खार जिरवतोय, हे चालणार नाही. उसाच्या पाण्याने खारावलेल्या जमिनी याच राज्यात, कृष्णाकाठी, बघायला मिळतात. त्या पुन्हा लागवडीला आणताना किती वर्षं जातात हे तिथल्या शेतकऱ्यांना विचारावं. उपाय साधा आहे, फक्त आळस नको. शेततळ्याच्या अस्तराचा उरलेला तुकडा घेऊन दोन-अडीच चौरस मीटरचा उथळ वाफा करायचा, पावसाळ्यात झाकायचा, एरवी टाकीचं पाणी त्यात ओतायचं. ऊन नगर जिल्ह्यात फुकट आहे. तळाशी साचलेला क्षार खरवडून पोत्यात भरायचा. तो टाकीत परत वापरता येत नाही आणि जनावरांपुढेही टाकायचा नाही. पोतं जमेल तेव्हा त्याचं काय करायचं यावर शेवटच्या प्रकरणात लिहिलं आहे, आणि ते प्रकरण या पुस्तिकेतलं सगळ्यांत अपुरं आहे.

हे सगळं जमवूनही माखली वर्षभरच राहते, पुष्कळदा त्याहून कमी. मादी अंडी घालते, मग खाणं सोडते, कातडी फिकी पडते, आणि काही दिवसांत संपते. ते पाळणाऱ्याचं अपयश समजू नये. तिचा आयुष्यक्रमच तसा आहे. औषधं ओतून तो लांबवू पाहणं हा तिचा छळ. अंडी शाबूत असली तर पुढचं वर्ष सुरू झालेलं असतं. लहान मुलं घरात असतील तर त्यांना हे आधी सांगून ठेवावं. मुलं बहुधा मोठ्यांपेक्षा नीट ऐकून घेतात.

राळेगणसारख्या गावात अशी एक टाकी व्हायची असेल, तर ती एकट्याच्या ओसरीवर होण्यापेक्षा शाळेत व्हावी असं मला वाटतं. छप्पर शाळेचं मोठं, हिशेब ठेवायला मुलं, आणि पाण्याची नोंदवही भिंतीवर टांगली की गावातला कोणीही वाचू शकतो. पुस्तिकेचं नाव घरच्या टाकीचं असलं तरी तिच्यातले सगळे तक्ते शाळेला तसेच वापरता येतील असे बेतले आहेत.

प्रकरणांचा क्रम वाचकाला उलटा वाटेल. माखली चौथ्या प्रकरणात येते. पहिलं प्रकरण पाण्याच्या नमुन्याचं आहे: दोन स्वच्छ बाटल्या, एकीत नेहमीच्या वापराचं पाणी, दुसरीत छपरावरून धरलेलं. दोन्ही जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यायच्या, आणि तांबं, जस्त, नायट्रेट, एकूण क्षार यांचे आकडे लेखी मागायचे. ते हातात आल्यावर टाकी भरायची, माखलीशिवाय तीन महिने चालवायची, अन्नाची कोळंबी त्यात वाढते का बघायचं. किनाऱ्यावरच्या ओळखीच्या माणसाला अंड्यांसाठी निरोप धाडायचा तो त्यानंतर.